बोअर, नळ आणि टँकर: घरच्या पाण्यासाठी कोणतं मशीन घ्यावं?

ताई, तुम्ही कळवलंय ते असं: लातूरला घर, महापालिकेचा नळ आठ-दहा दिवसांनी येतो आणि त्या पाण्याचा टीडीएस (लिटरमागं विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) ३२०. घरामागं सहाशे फुटांचा बोअर, त्याचा ११५०. नळाचं साठवलेलं संपलं की बोअरचं पाणी, आणि एप्रिल-मेमध्ये बोअर गुळण्या टाकायला लागला की टँकर. घरात सहा माणसं, त्यात एक पाच महिन्यांचं बाळ. विक्रेता अठरा हजारांचा आरओ गळ्यात मारतोय, दीर म्हणतात नुसतं उकळून प्या, आणि सासूबाई म्हणतात आम्ही आडाचं पाणी पिऊनच म्हातारे झालो.

सासूबाईंचं आधी घेतो, कारण ते कुणी मनावर घेत नाही. त्या खोटं बोलत नाहीत, पण त्यांचा आड चाळीस-पन्नास फुटांचा होता. दर पावसाळ्यात त्यात नवं पाणी उतरायचं. आपला बोअर सहाशे फुटांवर काळ्या पाषाणाच्या भेगांतलं पाणी ओढतो. ते पाणी खडकात जितकं जास्त मुरलेलं, तितके त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त. म्हणून डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरा थर धरतो. आडाचं पाणी आणि बोअरचं पाणी एकच समजून चालत नाही.

खरी अडचण इथंच आहे. पुण्या-मुंबईची माणसं मशीन घेतात तेव्हा वर्षभर एकाच पाण्याचा विचार करतात. आपल्याकडं एकाच घरात तीन पाणी असतात आणि ती महिन्यागणिक बदलतात. टँकरवाला तर कुठल्या विहिरीवर भरतो ते त्यालाच ठाऊक. मी बावीस वर्षं लातूर, औसा, अंबाजोगाई, परळी या पट्ट्यात फिल्टर बसवतोय आणि दुरुस्त करतोय. बिघडलेल्या मशीनपेक्षा चुकीच्या पाण्यावर बसवलेली चांगली मशीनच मी जास्त पाहिली आहेत.

तुम्ही टीडीएस मोजला हे चांगलं केलं, पण त्या मीटरला किती किंमत द्यायची ते ऐका. दोन-तीनशे रुपयांचा तो पेन पाण्यातून वीज किती सहज जाते एवढंच पाहतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. क्षार कुठले, ते त्याला कळत नाही. जंतू तर त्याला दिसतच नाहीत. नाल्याचं पाणी मिसळलेल्या नळाचा टीडीएस ३५० येईल आणि मीटर तुम्हाला शाबासकी देईल. भारतीय मानक आयएस १०५०० मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी टीडीएस ५०० पर्यंत चांगला धरलाय आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतो असं म्हटलंय. म्हणजे तुमचं ११५० चं पाणी मचूळ लागेल, चहा बिघडवेल, पण केवळ त्या आकड्यावरून ते विष ठरत नाही.

आता त्या विक्रेत्याचा खेळ. त्यानं तुमच्यासमोर दोन ग्लास ठेवले असतील, एकात तुमचं पाणी, एकात त्याच्या आरओचं. दोन्हींत लोखंडी सळया असलेलं यंत्र बुडवून बटण दाबलं असेल, आणि तुमचं पाणी मिनिटभरात गढूळ तपकिरी झालं असेल. ‘बघा, काय पिताय तुम्ही!’ तो गाळ तुमच्या पाण्यातला नसतो, सळईच्या लोखंडाचा असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, सळई झिजते आणि लोखंडाचा गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार नाहीत, वीज वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ राहतं. पुन्हा आला तर त्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि बटण दाबायला सांगा. मी हे एकदा अंबाजोगाईला भरल्या ओसरीवर केलं होतं. तो माणूस चहा न घेता गेला.

तुमच्या बाबतीत मला भीती आहे ती नायट्रेटची, म्हणजे खतातून आणि सांडपाण्यातून उतरणाऱ्या क्षाराची. मराठवाड्यात शेतात युरिया पडतो, गावात-शहरात शोषखड्डे बोअरच्या हाकेवर असतात, आणि बोअरची केसिंग (आत बसवलेला पाइप) बहुतेकदा वरचे वीस-चाळीस फूटच असते. त्याखालच्या भेगांतून वरचं पाणी आत येतंच. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. मानकात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि त्यात कुठलीही सूट दिलेली नाही. मोठ्या माणसाला एरवी सहसा काही जाणवत नाही, पण तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद नायट्रेटमुळं कमी होते, बाळ निळसर पडतं. सहा महिन्यांपर्यंत बाळाला नुसतं आईचं दूधच पुरे, वरचं पाणी लागतच नाही, म्हणून आज तुम्ही निर्धास्त आहात. पुढच्या महिन्यात नाचणीची पेज, वरणाचं पाणी सुरू होईल. तोवर हा आकडा हातात हवा.

आणि इथंच दिरांचा सल्ला उलटतो. उकळल्यानं जंतू मरतात, अगदी खात्रीनं मरतात. खळखळून उकळी आली की मिनिटभर ठेवलं तरी पुरे. पण नायट्रेट वाफेबरोबर जात नाही. पाणी आटतं, नायट्रेट तेवढाच राहतो, म्हणजे उलट दाट होतो. जडपणाचा, म्हणजे त्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचा, थोडा भाग मात्र उकळल्यानं भांड्याच्या तळाशी बसतो, तोच तो पांढरा थर. नळाचं पाणी उकळून पिणं हा चांगला उपाय आहे. बोअरचं उकळून बाळाला देणं, आकडा माहीत नसताना, नको.

किनवटकडचे कुणी पाहुणे असतील तर त्यांना फ्लोराइडही तपासायला सांगा. नांदेडच्या त्या भागात काही गावांत दातांवर तपकिरी डाग पडण्याचा त्रास जुना आहे. फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दीडच्या वर नको. तोही उकळून जात नाही.

आता मशीनं. यूएफ म्हणजे बारीक छिद्रांच्या पोकळ दोऱ्यांची जाळी. गाळ आणि जीवाणू अडवते, बारीक विषाणूंची मात्र खात्री देता येत नाही. वीज लागत नाही, पाणी वाया जात नाही, क्षार मात्र जसेच्या तसे राहतात. यूव्ही म्हणजे निळसर दिव्याची नळी. तिच्यासमोरून जाताना जंतू निकामी होतात. पण पाणी नितळ हवं, गढूळ असेल तर जंतू गाळाच्या कणाआड लपून पार होतात. म्हणून टँकरचं पाणी थेट यूव्हीला देऊ नका. तुरटी फिरवा, रात्रभर निवळू द्या, वरचंच घ्या. आणि यूव्हीचा दिवा वर्षभरानंतरही निळा पेटतो पण त्यातला दम गेलेला असतो. दिसतोय म्हणून चालतोय असं नाही.

आरओ या सगळ्यांत बारीक. पंपानं दाब देऊन पाणी मेम्ब्रेनमधून, म्हणजे अतिशय बारीक छिद्रांच्या पडद्यातून, ढकलायचं, क्षार मागं राहतात. नायट्रेट, फ्लोराइड, जडपणा घरच्या घरी कमी करायला आरओसारखं सोयीचं दुसरं काही नाही. पण मागं राहिलेले क्षार धुऊन न्यायला पाणी लागतं. एक लिटर शुद्ध पाण्यामागं साधारण दोन-तीन लिटर बाहेर सोडावं लागतं. कंपन्या आता ‘पाण्याची बचत’ म्हणून हे प्रमाण कमी करून दाखवतात. गोड्या पाण्यावर ते जमतं. आपल्या जड पाण्यावर बाहेरचं पाणी कमी केलं की क्षार मेम्ब्रेनवरच बसतात, जशी गिझरच्या कॉइलवर खडी बसते, आणि दोन वर्षं चालणारं मेम्ब्रेन आठ महिन्यांत आखडतं.

२०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते तुम्हाला आठवत असेलच. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. शहरानं स्टेशनवर तिचं एखाद्या पाहुण्यासारखं स्वागत केलं. त्याच महिन्यात मला एका घरातून फोन आला, ‘आरओचं पाणी हळू येतंय.’ जाऊन बघतो तर हंडाभर मिळालेलं पाणी ड्रममध्ये ओतून आरओला जोडलेलं, आणि मशीनची बारीक पांढरी नळी मोरीत सोडलेली. तीनशे-साडेतीनशे किलोमीटरवरून आलेल्या पाण्यातले तीन भागांपैकी दोन भाग गटारात. त्या दिवशी मी दुरुस्ती केली नाही, मशीन बंद केलं आणि मेडिक्लोरची (जंतू मारणाऱ्या क्लोरीनच्या द्रावणाची) बाटली देऊन आलो.

हा हिशेब तुमच्या नळाच्या पाण्याला लावून बघा. ३२० टीडीएसचं तीन लिटर पाणी आरओला दिलं, एक लिटर वीसच्या आसपास टीडीएसचं मिळालं, तर उरलेल्या दोन लिटरचा टीडीएस येतो ४७० च्या घरात. म्हणजे मोरीत गेलेलं पाणीसुद्धा क्षारांच्या मानकात बसतं! २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं ५०० च्या आतल्या पाण्याला आरओ लावू नये असं म्हटलं, त्यामागचा विचार हाच. बोअरच्या ११५० च्या पाण्यावर मात्र बाहेर पडणारं पाणी सतराशेच्या आसपास जातं. ते फरशीला, संडासला वापरा. तुळशीला नको, महिन्यात पानं करपतील.

मग आधी एक साधा हिशेब करा, जो कुठलाही विक्रेता करून देणार नाही. सहा माणसांचं पिणं आणि स्वयंपाक मिळून दिवसाला वीस लिटर पुरतं. आठ दिवसांचं झालं एकशे साठ लिटर. म्हणजे एक दोनशे लिटरचा ड्रम. नळ आला की सगळ्यात आधी तो ड्रम भरायचा, त्यातलं पाणी आंघोळीला, भांड्याला घ्यायचं नाही आणि वरच्या टाकीत बोअरच्या पाण्यात मिसळू द्यायचं नाही. निम्म्या लातूरमध्ये नळाचं चांगलं पाणी टाकीत जाऊन बोअरच्या पाण्यात मिसळतं, आणि मग ते वेगळं काढायला माणूस आरओ घेतो. ड्रम नवा आणि खाद्यपदार्थांसाठीचा घ्या. एमआयडीसीतले जुने निळे ड्रम स्वस्तात मिळतात, पण त्यात आधी काय होतं ते विचारू नका आणि घेऊही नका. ड्रमला खाली तोटी बसवून घ्या. तांब्या बुडवणं बंद झालं की निम्मं शुद्धीकरण तिथंच झालं.

साठवलेल्या पाण्याची दुसरी गोष्ट अशी की नळाला आलं तेव्हा त्यात क्लोरीन असतो. ओटी टेस्ट (क्लोरीन आहे का ते रंगानं दाखवणारी चाचणी) केली तर पिवळं दिसतं. तीन-चार दिवसांनी तेच पाणी तपासा, रंग येत नाही. पाचव्या दिवसापासून त्या ड्रमचं रक्षण करणारं काही उरलेलं नसतं. म्हणून मशीन हवं ते या शिळ्या पाण्यासाठी. आणि तिथं यूव्ही-यूएफ पुरतं, किंवा मशीन न घेता आशाताईंकडं (आशा आरोग्य कार्यकर्तीकडं) मिळणारं मेडिक्लोर बाटलीवर लिहिलेल्या मापानं टाकून अर्धा तास थांबलात तरी चालतं. दिरांची उकळीही इथंच कामाची.

आता माझी एक चूक सांगतो, कारण तुमचा मेकॅनिकही हीच करेल. आरओच्या आत टीडीएस कंट्रोलर नावाचा छोटा स्क्रू असतो. पाणी फार फिकं लागतं अशी तक्रार आली की मेकॅनिक तो फिरवतो आणि म्हणतो, ‘मिनरल वाढवले.’ मिनरल कुठून वाढणार? तो स्क्रू बाहेरचं कच्चं पाणी थोडं थोडं शुद्ध पाण्यात सोडतो. माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरी मी तो मोकळा करून टीडीएस चारशेवर आणला होता, पाणी गोड लागलं, सगळे खूश. दोन वर्षांनी भाचीच्या बाळंतपणाआधी सहज नमुना तपासला. बोअरचा नायट्रेट ११० होता आणि मशीनमधून आलेल्या पाण्याचा पन्नासच्या वर. ज्या कारणासाठी मशीन घेतलं ते कारणच मी स्क्रूनं आत सोडलं होतं. तेव्हापासून बोअरवरच्या मशीनमध्ये तो स्क्रू मी पूर्ण बंद ठेवतो. पाणी फिकं लागलं तर लागू द्या, क्षार आपल्याला भाकरी-भाजीतूनही मिळतात. फारच वाटलं तर वेगळं मिनरल कार्ट्रिज मिळतं, ते कच्चं पाणी मिसळत नाही.

तर तुमच्या घरासाठी माझं मत असं. आधी बोअरचा नायट्रेट तपासा. तो ४५ च्या आत आला तर अठरा हजार खर्चू नका. नळासाठी वेगळा ड्रम आणि साधं यूव्ही-यूएफ मशीन घ्या. उन्हाळ्यात बोअरचं पाणी मचूळ लागेल ते दोन-तीन महिने सोसा, नाहीतर पिण्यापुरते जार घ्या. फक्त जारचं लक्षात ठेवा की सुट्ट्या थंड जारवर आयएसआयचा शिक्का नसतो. तो सीलबंद बाटली-जारवर बघायचा, पण तिथंही तो २०२४ पर्यंतच सक्तीचा होता. प्लांट बघून, जार धुताना बघून घ्या.

नायट्रेट ४५ च्या वर आला, आणि वर्षातले तीन-चार महिने तुम्ही बोअरच पिता, तर आरओ घ्या. पण साधा घ्या. तांबं, अल्कलाइन, हायड्रोजन असली नावं वाढली की हजार-हजार रुपये वाढतात, नायट्रेट कमी करायला त्यांचा उपयोग नाही. लोकल जोडणीचं मशीन सात-आठ हजारांत येतं आणि आतले भाग बहुतेक सगळीकडं सारखेच असतात. फरक पडतो मेम्ब्रेनमध्ये आणि तुमच्या गल्लीत येणाऱ्या माणसात. मोठ्या नावाचं मशीन घेतलं आणि सर्व्हिसवाला सोलापूरहून येणार असेल तर ते नाव कुणाला लावायचं? बाहेर लावायचा, गाळ अडवणारा स्पन फिल्टर शंभर-दीडशेचा असतो, टँकरच्या दिवसांत तो महिन्या-दीड महिन्याला तपकिरी होतो, तुम्ही स्वतः बदलू शकता. आतला कार्बन फिल्टर मात्र वेळेवर बदला, कारण नळातला क्लोरीन थेट मेम्ब्रेनवर गेला तर मेम्ब्रेन जळतं. नळाच्या महिन्यांत आरओ बंद करून ठेवायचं मनात येईल, पण मेम्ब्रेन वाळलं की संपलं. रोज थोडा वेळ तरी चालू ठेवा आणि बाहेरचं पाणी बादलीत धरा, नळाच्या दिवसांत ते कपड्यांनाही चालतं.

मेम्ब्रेन कधी बदलायचं हे मेकॅनिकच्या तोंडावर सोडू नका. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस दोन्ही मोजा. ११५० चं शंभरच्या आत येत असेल तर मेम्ब्रेन ठणठणीत आहे. अडीचशेच्या पुढं गेलं की बदला. मोजायच्या आधी मशीन पाच मिनिटं चालू द्या, आणि टाकीतलं नव्हे तर मेम्ब्रेनमधून येणारं ताजं पाणी घ्या. रात्रभर बंद असलेल्या मशीनचं पहिलं ग्लासभर पाणी नेहमीच जास्त टीडीएस दाखवतं, कारण क्षार थांबलेल्या पाण्यात हळूहळू पलीकडं झिरपतात. काही हुशार मंडळी सकाळी सकाळी येऊन नेमकं तेच ग्लास मोजतात आणि दोन हजारांचं मेम्ब्रेन विकून जातात.

बाथरूमसाठी सॉफ्टनर विकायला येतील, त्याचं वेगळंच आहे. तो कॅल्शियमच्या जागी मिठातलं सोडियम देतो. केसांना, गिझरला चांगला, पण टीडीएस कमी होत नाही आणि तो पिण्याच्या पाण्याचा फिल्टर नव्हे. पाइपला चुंबक बांधणाऱ्यांना दारातूनच नमस्कार करा.

आणि सासऱ्यांना मुतखड्याची भीती आहे म्हणता. जड पाण्यानंच खडा होतो हे आपल्याकडं सगळे धरून चालतात. मला दिसतं ते एवढंच की मे महिन्यात रानात दिवसभर राहणारी माणसं तांब्याभर पाण्यावर दिवस काढतात, लघवी दाट होते, आणि खडे त्यांनाच जास्त. त्यांना पाणी जास्त प्यायला सांगा, बाकी डॉक्टर बघतील.

तपासणीसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा लातूरलाच आहे, खासगी माणसाचा नमुनाही नाममात्र शुल्कात घेतात. बोअर दहा मिनिटं चालवा, मग दोन लिटरचा स्वच्छ कॅन त्याच पाण्यानं तीनदा विसळून काठोकाठ भरा. जंतूंच्या तपासणीला मात्र त्यांचीच निर्जंतुक बाटली आधी घेऊन या, तिला विसळायचं नाही, थोडी जागा मोकळी ठेवून भरायची आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. ती बोअरची नको, ड्रमच्या तोटीची भरा, तीही नळ येऊन सहा दिवस झाल्यावर. कॅनवर तारीख आणि ‘बोअर, सहाशे फूट’ एवढं लिहा. रिपोर्ट आला की नायट्रेट, फ्लोराइड आणि एकूण जडपणा हे तीन आकडे मला कळवा. तोवर विक्रेत्याला टोकन देऊ नका.